परक्या हाताची टीप

दोन बायका एकमेकींचा हात घट्ट धरून ठाण्याच्या पायऱ्या चढत होत्या, ते दृश्य इतक्या वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मे महिना होता. मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती आणि मी रात्रपाळीची स्टेशन डायरी वाचत बसलो होतो.

ठाणे अंमलदाराने आत येऊन सांगितलं, "साहेब, दोन बायका आल्यात. नवऱ्यांची तक्रार आहे. पण सांगायचं ते मोठ्या साहेबांनाच, म्हणतात."

अशा तक्रारी रोज येत. मारझोड, दारू, दुसरं लग्न. मी म्हणालो, पाठवा.

कोणाचंच नाव मी इथे सांगणार नाही. वयाने मोठी होती तिला थोरली म्हणतो, दुसरीला धाकटी. थोरली पस्तिशीची, दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराची मुलगी. तिचा नवरा जिल्ह्यातल्या एका संरक्षण कारखान्यात ड्रॉइंग विभागात कारकून होता. सिडकोत त्यांचं घर होतं. धाकटी पंचविशीची, हिरावाडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन ब्लाऊज शिवणारी. तिचा नवरा द्राक्षबागांच्या औषधांचा विक्रेता म्हणून वावरत होता. मूळचा बाहेरचा, पण मराठी चांगलं बोलायचा.

थोरली खुर्चीत बसली आणि म्हणाली, "साहेब, आमचे दोघींचे नवरे मिळून काहीतरी वाईट करतात. बायकांचं प्रकरण नाय. आधी मलाही तेच वाटलं होतं."

मी खरं सांगतो, माझा पहिला संशय त्या बायकांवरच आला. घरात खटके उडाले की नवऱ्याला अद्दल घडवण्यासाठी माणसं काहीही रचतात, हे मी पुष्कळ पाहिलं होतं. शिवाय दोघी एकत्र आल्या होत्या, म्हणजे ठरवून आल्या असणार. मी दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. धाकटीजवळ महिला हवालदार बाईंना बसवून तिचा जबाब घ्यायला सांगितलं आणि थोरलीला मी स्वतः विचारत गेलो.

तिची हकीकत अशी होती. दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याने नवस बोलल्याचं सांगितलं. दर महिन्याच्या एका रविवारी तो वणीला, सप्तशृंगीच्या गडावर जाऊ लागला. तिला बरोबर नेत नसे. पण त्या रविवारच्या आदल्या शनिवारी कामावरून आला की स्वतःचा जेवणाचा डबा तो कुलूप लावून कपाटात ठेवायचा, रविवारी तोच डबा गडावर बरोबर न्यायचा आणि सोमवारी स्वतः भरून कामावर घेऊन जायचा.

"लग्नाला बारा वर्षं झाली साहेब, या माणसानं कधी पाण्याचा तांब्या उचलून ठेवला नाय," ती म्हणाली. "आणि डबा कुलपात?"

एका रविवारी त्याने आणलेल्या प्रसादाच्या पेढ्यांवरचा कागद पंचवटीतल्या दुकानाचा निघाला. तेव्हा तिने ठरवलं की बघायचंच. पुढच्या खेपेला ती रिक्षा करून त्याच्या मागे गेली. तो वणीच्या गाडीत बसलाच नाही. तो हिरावाडीत एका घरात शिरला. घरातून थोड्याच वेळात एक तरुण बाई पिशवी घेऊन बाहेर पडली, बाजाराच्या दिशेने गेली. दारावर पाटी होती, 'येथे ब्लाऊज शिवून मिळतील'.

दुसरी कोणी असती तर तिथेच आरडाओरडा केला असता. थोरली घरी गेली, रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी ब्लाऊजपीस घेऊन गिऱ्हाईक म्हणून त्या घरी गेली. धाकटीने माप घेतलं. माप घेताना थोरलीने विचारलं, मिस्टर काय करतात. ती म्हणाली, औषधं विकतात. मग थोरलीने आपल्या नवऱ्याचं वर्णन करून सरळ विचारलं की हा माणूस तुझ्याकडे कशाला येतो.

धाकटीच्या हातातली टेप खाली पडली. ती म्हणाली, "ताई, ते माझ्याकडे नाही येत. आमच्या ह्यांच्याकडे येतात. ते आले की हे मला बाजारात पाठवतात. दोन तास घरी यायचं नाही, असं सांगतात."

तिथून दोघींचं बोलणं सुरू झालं. धाकटीलाही संशय होताच, पण तो मनात होता. घरी आल्यावर मोरीत औषधांसारखा आंबूस वास यायचा. मोरीच्या खिडकीला काळा कागद चिकटवलेला असायचा. नवरा सांगायचा, औषधं उन्हात खराब होतात म्हणून.

त्या बोलण्यातच धाकटीचा नवरा, तो औषधवाला, घरी आला. थोरली गिऱ्हाईक म्हणून बसूनच राहिली. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, सध्या धंदा कसा आहे. तो म्हणाला, फार गडबड आहे, डिपिंगचा सीझन आहे, रोज दिंडोरीला जावं लागतं.

हे सांगताना थोरलीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा राग दिसला. द्राक्षाचे घड औषधात बुडवून घेतात, त्याला डिपिंग म्हणतात. ते काम थंडीत, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड धरले की असतं. एप्रिलमध्ये माल काढून खरड छाटणी झालेली असते. वेलीवर नुसत्या काड्या.

"साहेब, वेलीला घडच नाय, तर हा बुडवतो काय? आमच्याकडचं शेंबडं पोर पण असं बोलणार नाय. तेव्हाच कळलं, हा माणूस कधी बागेत गेलेलाच नाय."

मी आता थोडा सावरून बसलो. तेवढ्यात हवालदार बाई धाकटीचा जबाब घेऊन आल्या. मी दोन्ही जबाब शेजारी ठेवून वाचले. माझा एक अनुभव आहे. पढवलेले जबाब शब्दाला शब्द जुळतात. खरे जबाब प्रसंगाला प्रसंग जुळतात, शब्द मात्र वेगळे असतात. एकीला पाटी आठवत होती, दुसरीला ब्लाऊजपीसचा रंग. एक सांगत होती की औषधवाला हसून बोलला, दुसरी म्हणत होती की तो हसला तेव्हा तिला भीती वाटली. हे रचलेलं नव्हतं.

तरी माझा संशय गेला नाही. कारण धाकटीच्या जबाबात शेवटी एक गोष्ट होती. नवरा दर महिन्याला तिच्याकडून दोन ब्लाऊज शिवून घ्यायचा. 'माझ्या बहिणीसाठी' म्हणायचा. दुसऱ्या राज्यातल्या एका पत्त्यावर ते पार्सल पोस्टात टाकायला तिलाच पाठवायचा. पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, अक्षर सगळं तिचं. म्हणजे त्या पार्सलातून काही जात असेल, तर कायद्याच्या नजरेत पाठवणारी तीच होती.

मी तिला आत बोलावलं. तिने हातातली कापडी पिशवी टेबलावर ठेवली. वर मेथीची जुडी होती, खाली पार्सल. ते तिला त्या दिवशी पोस्टात टाकायचं होतं.

"मी हे काल उघडून बघितलं," ती म्हणाली. "ब्लाऊज माझाच आहे. पण अस्तराची ही टीप माझी नाही. कोणीतरी उसवून परत हातानं शिवलंय. मी इतकी वाकडी टीप घालत नाही साहेब."

दोन पंच बोलावून पंचनामा सुरू केला. तिने आमच्यासमोर अस्तर उसवलं. आत कागदात दुमडलेल्या फोटोच्या निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या. खिडकीच्या उजेडात धरल्या तर रेषा, वर्तुळं, आकडे दिसले. यंत्राच्या भागांची ड्रॉइंग होती ती. मी उठून दार लावून घेतलं आणि वरिष्ठांना फोन केला.

वरिष्ठांचा निरोप स्पष्ट होता. पार्सल जसं आहे तसं पुढे गेलं पाहिजे, म्हणजे ते घेणारा सापडेल. इथे कोणालाही हात लावायचा नाही. आणि धाकटीने वेळेत घरी पोस्टाची पावती नेली पाहिजे, कारण नवरा पावती मागून घ्यायचा. आमच्याकडे तासाभराचा वेळ होता. आमच्या फोटोग्राफरने पट्ट्यांच्या नकला घेतल्या. पट्ट्या पुन्हा अस्तरात ठेवल्या. आता प्रश्न शिवण्याचा होता.

धाकटी महिला पोलिसांच्या खोलीत सुई-दोरा घेऊन बसली. पहिल्यांदा तिची टीप सरळ आली. तिने ती उसवली. दुसऱ्यांदाही सरळच आली. हाताची सवय जात नव्हती. शेवटी तिने सुई डाव्या हातात घेतली. तेव्हा कुठे टीप हवी तशी वाकडी आली. थोरली शेजारी बसून टाके मोजत होती, आधीच्या छिद्रातच सुई जातेय ना ते बघत होती. मी दारात उभा होतो. नोकरीत मी धाडसी माणसं कमी पाहिली नाहीत, पण त्या खोलीतली शांतता मला वेगळी वाटली.

धाकटीने पार्सल पोस्टात टाकलं, पावती घेतली, मेथी घेऊन घरी गेली. थोरली सिडकोत स्वयंपाकाला गेली.

पुढचे तीन आठवडे दोघींना आपापल्या नवऱ्याशी काहीच झालं नसल्यासारखं वागायचं होतं. दिल्लीहून दोन अधिकारी आले. त्यांनी सूत्रं हाती घेतली. पार्सल घेणारा परगावी नजरेखाली होता. आमच्याकडे काम होतं ते दोन्ही घरांवर साध्या वेशात लक्ष ठेवायचं. हवालदार बाई गिऱ्हाईक बनून दोन दिवसांआड धाकटीकडे जात. कधी साडीला फॉल लावायला, कधी ब्लाऊज सैल करायला.

दुसऱ्या आठवड्यात त्या काळजीत परत आल्या. औषधवाल्याने धाकटीला विचारलं होतं, त्या दिवशी पोस्टात इतका वेळ का लागला. ती म्हणाली, रांग होती. जेवताना तो म्हणाला की पुढच्या महिन्यात आपण हे गाव सोडू.

मी वरिष्ठांना सांगितलं की तिला बाहेर काढू. ते म्हणाले, ती बाहेर पडली की तो पळेल. शिवाय दिल्लीच्या अधिकाऱ्यांपैकी एकाने वेगळाच मुद्दा काढला. तो म्हणाला, ही बाई दिवाळीपासून पार्सलं टाकतेय. आता काहीतरी बिनसलं म्हणून साक्षीदार बनायला आली नसेल कशावरून? गुन्हा नोंदवाल तेव्हा तिलाही आरोपी करा.

मला त्याचा राग आला नाही, कारण तीच शंका माझ्याही मनाच्या कोपऱ्यात होती. मी हवालदार बाईंकरवी धाकटीला निरोप दिला की हवं तर निघून ये, कोणी दोष देणार नाही. तिचा उलटा निरोप आला. 'मी थांबते. पळून गेले तर मीच चोर ठरेन.'

महिन्याचा शेवटचा रविवार आला. आदल्या संध्याकाळी थोरलीने कॉलनीतल्या फोन बूथवरून कळवलं, डबा कुलपात गेला. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास कारकून हिरावाडीत पोहोचला. दहा मिनिटांत धाकटी पिशवी घेऊन बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी आमची जीप होती. तिने मान हलवली आणि चालत पुढे गेली. मागे वळून पाहिलं नाही.

आम्ही पंचांसह आत शिरलो. मोरीत फोटो धुण्यासाठी लावलेला लाल दिवा, खोलीत दोन टेबललॅम्प, त्यांच्यामध्ये ड्रॉइंगचा कागद पसरलेला. डब्याच्या खालच्या कप्प्यात चपात्यांच्या जागी घडी केलेले आणखी दोन कागद. कारकून भिंतीला टेकून खाली बसला. औषधवाला शांतपणे म्हणाला, "वॉरंट आहे का?" मी दाखवलं. त्याने ते पूर्ण वाचलं.

दोघांना वेगळं ठेवलं. कारकुनाला मी मारलं नाही, दरडावलंही नाही. त्याच्यासमोर तो डबा ठेवला आणि माझं कागदाचं काम करत बसलो. वीस मिनिटांनी त्याने विचारलं, "माझ्या बायकोनं सांगितलं का?" मी पुढचा कागद ओढला. मग तो बोलायला लागला. कारखान्यात त्याची बढती दोनदा हुकली होती. त्याचं गाऱ्हाणं घरी कोणी ऐकत नव्हतं, निदान त्याला तसं वाटत होतं. चहाच्या टपरीवर हा औषधवाला भेटला. तो ऐकून घ्यायचा. सहा महिने नुसतं ऐकून घेतलं. मग एकदा एक साधी यादी मागितली. कारकुनाने ती दिली. पुढच्या भेटीत त्याला ती देतानाचा स्वतःचा फोटो दाखवण्यात आला. तिथून परतीची वाट नव्हती.

मी त्याला विचारलं, तेव्हाच आमच्याकडे का आला नाहीस. तो म्हणाला, "बायकोला काय सांगू, हा प्रश्न होता." ज्या बायकोला सांगता आलं नाही, तिनेच सगळं शोधून काढलं.

औषधवाला मात्र दगड होता. तीन दिवसांत त्याने तीन नावं सांगितली. रेशनकार्ड, भाडेकरार, लग्नाची नोंद, प्रत्येक कागद खोट्या कागदावर उभा होता. कॅमेरा मिळाला होता, पण कारकुनाने ज्या वहीत त्याला नोंदी करताना पाहिलं होतं, ती वही मिळत नव्हती. ती नसेल तर धाकटीची पार्सलं तिच्याच नावावर राहत होती. दिल्लीच्या अधिकाऱ्याने तिच्या अटकेचा कागद तयार करायला घेतला. हे थोरलीला कळलं तेव्हा ती ठाण्यात आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली. बसली नाही.

"तिला धरणार असाल तर माझाही जबाब फाडून टाका," ती म्हणाली. "मी माझ्या नवऱ्याच्या विरोधात कोर्टात उभी राहीन ती हिच्या जिवावर. ही नसती तर मी डबा बघत बसले असते."

मी वरिष्ठांकडून एक दिवस मागून घेतला. त्याच दिवशी धाकटीने नवऱ्याला भेटायची परवानगी मागितली. हवालदार बाई आणि मी जवळ उभे राहिलो. गजांच्या पलीकडे तो बसला होता.

तिने विचारलं, "खरं नाव काय तुमचं?"

तो म्हणाला, "तू हाक मारायचीस तेच."

"ते कागदावरचं झालं." ती म्हणाली. "पोस्टात तुम्हाला जाता येत होतं. मलाच का पाठवत होतात?"

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"सापडलं असतं तर मी एकटीच सापडले असते. हे तुम्ही आधीच धरून चालला होतात ना? लग्न केलंत तेव्हापासून?"

त्याने मान खाली घातली. ती मग निघून गेली. रडली नाही. रडली ती बाहेर, थोरलीच्या खांद्यावर, आणि तेही थोडंसंच.

संध्याकाळच्या आत औषधवाल्याने मला बोलावून घेतलं. म्हणाला, "बाईला काही माहीत नाही. तिला सोडा. मी जागा दाखवतो."

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. आरोपीने स्वतः दाखवून दिलेली वस्तू मात्र टिकते. पंचांसमोर त्याने घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दाखवली. टाकीखालच्या विटांमध्ये पत्र्याच्या डब्यात ती वही होती. प्रत्येक पार्सलाची नोंद त्याच्या अक्षरात होती. धाकटीचा उल्लेख एका चिन्हाने केलेला होता, नावानेसुद्धा नाही. त्या वहीने ती सुटली. तिचा आणि थोरलीचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवला गेला आणि दोघी सरकारी साक्षीदार झाल्या.

त्याने असं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला. पश्चात्ताप असेल, किंवा तिच्यामार्फत आणखी काही बाहेर पडू नये हा हिशेब असेल. अशा माणसाच्या चांगल्या कृत्यावरही विश्वास ठेवता येत नाही. त्याची ती शिक्षा कोर्टाने दिलेल्या शिक्षेहून वेगळी आहे.

खटला कित्येक वर्षं चालला. शासकीय गुपितांच्या कायद्याखाली दोघांना शिक्षा झाली. मधल्या काळात मी दोनदा बदलून गेलो, पण साक्षीच्या तारखांना नाशिकला यायचो. थोरली माहेरी राहून भावाच्या बागेत काम पाहत होती. माहेरचं गाव तिच्याशी बरं वागलं नाही. नवऱ्याला तुरुंगात घालणारी म्हणून तिला हळदीकुंकवाला बोलवेनासे झाले. धाकटीने हिरावाडी सोडली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला शिवणाचा क्लास काढला. तारखेला मात्र दोघी एकत्र यायच्या. बचाव पक्षाच्या वकिलाने दोघींना फार बोचरे प्रश्न विचारले. तुमचा नवऱ्यावर विश्वास नव्हता का, असंही विचारलं. थोरली म्हणाली, "होता. म्हणून तर इतका वेळ लागला."

या केसने मला काय शिकवलं ते सांगतो. संशय घेणं हे आमचं काम. सरकार आम्हाला त्याचा पगार देतं. आमचा संशय खोटा ठरला तर एक फाईल बंद होते, खरा ठरला तर शाबासकी मिळते. मलाही मिळाली. त्या दोघींचा संशय त्यांच्याच घरावर होता. तो खरा ठरला तर घर जाणार, हे त्यांना पायऱ्या चढतानाच माहीत होतं. तरी त्या आल्या. आणि मी पहिला प्रश्न मनात विचारला तो असा, की या बायकांचा डाव काय असेल. त्यानंतर ठाण्यात आलेल्या बाईचं म्हणणं ऐकताना मी पेन खाली ठेवायला शिकलो. पूर्ण ऐकायचं, मग शंका घ्यायची.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात धाकटी माझ्याजवळ आली. थोरली थोड्या अंतरावर उभी होती. दोघींच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता. धाकटीने नमस्कार केला आणि म्हणाली, "साहेब, माझा संशय चुकला असता तर बरं झालं असतं. नाही का?"

त्या दोघी फाटकाकडे चालत गेल्या. मी त्या दिसेनाशा होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.